पुन्हा करून पाहण्याचे मोल कोण देणार?

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीचा एक अभियंता डेटाबेसच्या दोन सर्व्हरांशी झगडत होता. एक मुख्य, दुसरा त्याची जशीच्या तशी प्रत ठेवणारा. मुख्य सर्व्हरवर अचानक ताण आल्याने प्रत मागे पडली आणि रेप्लिकेशन, म्हणजे मुख्य सर्व्हरवरचे बदल प्रतीत उतरवत राहण्याचे काम, थांबले. ते नव्याने सुरू करायचे तर दुसऱ्या सर्व्हरवरचा जुना डेटा पुसायला हवा होता. त्याने पुसण्याची कमांड दिली आणि ती चालली मुख्य सर्व्हरवर. सेकंद-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आले, पण तेवढ्यात सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच शिल्लक उरले होते.

त्यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कंपनीकडे रोजच्या बॅकअपची सोय होती. पण डेटाबेसची आवृत्ती आणि बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रॅमची आवृत्ती जुळत नव्हती, त्यामुळे बॅकअप तयारच होत नव्हता. बॅकअप फसल्याचे ईमेल निघत होते, पण तेही वाटेतच नाकारले जात होते, म्हणून कोणाला काही कळले नाही. अखेर उपयोगी पडली ती त्याच अभियंत्याने साधारण सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी काढून ठेवलेली एक प्रत. तेवढ्या सहा तासांचे काम गेले ते गेलेच. कंपनीने यातले काही लपवले नाही, सगळा तपशील जाहीर केला, आणि म्हणून तो इथे सांगता येतो.

या प्रसंगात प्रतींची सोय भरपूर होती. त्या प्रती खरोखर चालतात का, हे पाहण्याचे काम मात्र कोणाकडेच सोपवलेले नव्हते. रेप्लिकेशनचा विषय निघतो तेव्हा माझ्या डोक्यात हाच फरक घोळत राहतो.

हा शब्द आज फार ठिकाणी वावरतो. संगणकवाल्यांसाठी तो डेटा एकाहून अधिक यंत्रांवर ठेवण्याची युक्ती आहे. जीवशास्त्रात डीएनए स्वतःची प्रत काढतो ती क्रिया. शेतीच्या प्रयोगांत एकच खत किंवा वाण अनेक वाफ्यांत लावणे. इंग्लंडच्या जुन्या दिवाणी कायद्यात प्रतिवादीच्या कैफियतीला वादीने दिलेले उत्तर, आणि भारतातल्या काही न्यायालयांत तो अर्थ अजून चालतो. सरकारी कचेऱ्यांत आणि स्वयंसेवी संस्थांत एका ठिकाणी जमलेला उपक्रम दुसरीकडे राबवणे. आणि संशोधनात, दुसऱ्याने केलेला प्रयोग आपण पुन्हा करून त्याचा निष्कर्ष पडताळणे. ऐकणाऱ्याला ही एकाच कामाची रूपे वाटतात. प्रत्यक्षात या नावाखाली दोन निरनिराळी कामे चालतात. एक, आहे त्याच्या आणखी प्रती करणे. दुसरे, आहे ते खरे आहे का हे स्वतंत्रपणे पाहणे. पहिले काम दिवसेंदिवस स्वस्त होत चालले आहे. दुसरे कष्टाचे, खर्चाचे आणि श्रेय न देणारे राहिले आहे. दुसऱ्या कामासाठी जिथे वेगळी तरतूद असते तिथे रेप्लिकेशनवर भरवसा ठेवता येतो. संशोधनाच्या क्षेत्रात ही तरतूद जवळजवळ नाही. ती सार्वजनिक पैशातून, नियम करून झाली पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

निसर्गाने ही तरतूद कशी केली आहे ते आधी पाहू, कारण त्याहून चांगला दाखला मला माहीत नाही. माणसाची एक पेशी दुभंगते तेव्हा डीएनएची सुमारे सहा अब्ज अक्षरे उतरवून काढावी लागतात. हे काम करणारे पॉलिमरेज हे एन्झाइम नुसत्या निवडीच्या जोरावर साधारण लाखात एक चूक करते. तसेच चालू राहिले असते, तर प्रत्येक विभाजनात साठेक हजार चुका पुढच्या पेशीत गेल्या असत्या. तसे होत नाही. पॉलिमरेजचाच एक भाग नुकतेच बसवलेले अक्षर तपासतो, ते चुकीचे निघाले तर कापून टाकतो आणि मग काम पुढे जाते. त्यानंतर दुसरी, अगदी वेगळी यंत्रणा नव्या प्रतीवरून फिरते आणि न जुळणाऱ्या जोड्या हुडकते. पॉल मॉड्रिच यांनी ही दुसरी यंत्रणा उलगडून दाखवली. टोमास लिंडाल आणि अझीझ सँकार यांच्याबरोबर त्यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले ते डीएनएच्या दुरुस्तीवरच्या कामासाठी. या दोन्ही तपासण्या झाल्यावर चुकीचे प्रमाण अब्जात एकाच्या आसपास येते.

यातली एक बारीक गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. दोन धाग्यांवरची अक्षरे जुळत नसतील, तर मूळ कोणते आणि चुकीची नक्कल कोणती हे दुरुस्ती करणाऱ्या यंत्रणेला ठरवावे लागते. उलटे ठरवले तर ती बरोबर अक्षर खोडून चूक कायम करेल. ई. कोलाय या जिवाणूत जुन्या धाग्यावर ठरावीक जागी मिथाइल गटाच्या खुणा असतात. नव्या धाग्यावर त्या उमटायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या वेळात यंत्रणा जुने-नवे ओळखते आणि नव्यात दुरुस्ती करते. तपासणाऱ्याला मुळाची ओळख हवी आणि त्याचे काम नक्कल करणाऱ्यापासून वेगळे हवे, अशा दोन्ही अटी इथे पाळल्या आहेत. ही यंत्रणा जन्मतः अधू असेल तर लिंच सिंड्रोम होतो आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो. विषाणूंकडे पाहिले तरी हेच दिसते. बहुतेक आरएनए विषाणूंकडे चुका तपासण्याची सोय नसते आणि त्यांचा जनुकीय मजकूर लहान असतो. कोरोना विषाणूंचा मजकूर सुमारे तीस हजार अक्षरांचा, म्हणजे आरएनए विषाणूंच्या मानाने फार लांब, आणि त्यांच्याकडे चुकीचे अक्षर काढून टाकणारे प्रथिन आहे. लांब मजकूर सांभाळायचा तर तपासनिसाचा खर्च सोसावा लागतो.

आता शेतीच्या प्रयोगांकडे. इंग्लंडमधल्या रोथामस्टेड संशोधन केंद्रात काम करताना संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी प्रयोगाच्या रचनेत रेप्लिकेशनला पायाचे स्थान दिले. एका वाफ्याला खत घातले, शेजारच्याला नाही, आणि पहिल्यात पीक जास्त आले, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पहिल्याची माती मुळातच कसदार असू शकते. तेच खत अनेक वाफ्यांत, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या जागी घातले, तर मातीमुळे पडणारा फरक किती आणि खतामुळे पडणारा किती, याचा हिशेब मांडता येतो. फिशर यांच्या रचनेत रेप्लिकेशनचे काम आपल्या अज्ञानाचे माप काढणे हे होते. हे माप नसेल तर सरासरीचा आकडा कितीही नेटका दिसला तरी तो पोकळ असतो.

पण इथेही प्रती आणि पडताळा यांची गल्लत होते. एकाच तळ्यातून पाण्याचे पन्नास नमुने काढले आणि पन्नास निरीक्षणे झाली असे म्हटले, तर ती फसवणूक आहे, मग ती अजाणता का होईना. तळे एकच आहे. परिसंस्थाशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये अशा खोट्या रेप्लिकेशनवर एक लेख लिहिला. प्रकाशित झालेले १७६ प्रायोगिक अभ्यास त्यांनी तपासले. त्यांतल्या २७ टक्के अभ्यासांत हा दोष होता. संख्याशास्त्रीय निष्कर्ष काढणारेच अभ्यास मोजले, तर प्रमाण ४८ टक्क्यांवर जात होते. हे सारे लेख जाणकारांच्या परीक्षणातून पार पडून छापलेले होते. एकच चूक पन्नासदा मोजली तर तिचा आवाज तेवढा वाढतो, ती दुरुस्त होत नाही. डेटाबेसवालेही हे जाणतात. मुख्य सर्व्हरवर कोणी चुकून माहितीचे एखादे टेबल पुसले, तर चोख चाललेले रेप्लिकेशन तीच आज्ञा काही क्षणांत प्रत्येक प्रतीवर पोचवते.

संशोधनात पुन्हा करून पाहण्याचे काम का मागे पडले, यामागे कुणाचा कट नाही. नियतकालिकांना नवे हवे असते. नोकरी आणि बढती छापलेल्या नव्या निष्कर्षांवर मिळते. निधी देणारी समिती विचारते, यात नवीन काय? तरुण संशोधकाने दोन वर्षे घालवून दुसऱ्याचा प्रयोग पुन्हा केला आणि निकाल तोच आला, तर लोक म्हणतात, हे माहीतच होते. निकाल वेगळा आला, तर म्हणतात, याला नीट करता आले नाही. दोन्हीकडून तोटाच. अशा स्थितीत हे काम कोणी हौसेने करत असेल तर त्याचे कौतुकच करायला हवे, पण हौसेवर व्यवस्था चालत नाही.

२०११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातले डॅरिल बेम यांनी मानसशास्त्रातल्या एका अग्रगण्य नियतकालिकात नऊ प्रयोग छापले. भविष्यात घडणाऱ्या गोष्टींचा परिणाम माणसाच्या आत्ताच्या वागण्यावर होतो, असा त्यांचा दावा होता. तीन संशोधकांनी त्यातला एक प्रयोग आपापल्या प्रयोगशाळेत पुन्हा केला. परिणाम मिळाला नाही. त्यांनी लेख त्याच नियतकालिकाकडे पाठवला आणि आम्ही फेरप्रयोग छापत नाही या कारणावरून तो परत आला. शेवटी २०१२ मध्ये तो दुसरीकडे छापून आला. बेम यांनी गैर काही केले असे मी म्हणत नाही. त्या काळी रूढ असलेल्या पद्धतीच त्यांनी वापरल्या होत्या, आणि नेमक्या त्या पद्धतीच मग चर्चेला आल्या. माझा आक्षेप नियतकालिकाच्या नियमावर आहे. दावा छापणाऱ्यानेच त्याचा पडताळा छापायला नकार दिला, तर वाचकाने जायचे कुठे?

त्यानंतर आकडे पुढे येऊ लागले. २०१२ मध्ये ग्लेन बेगली आणि ली एलिस यांनी लिहिले की अ‍ॅमजेन या औषध कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी कर्करोगावरचे ५३ महत्त्वाचे अभ्यास पडताळायचा प्रयत्न केला आणि त्यांतल्या फक्त ६ अभ्यासांचे निष्कर्ष टिकले. २०१५ मध्ये ब्रायन नोसेक आणि त्यांच्या शेकडो सहकाऱ्यांनी मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा केले. मूळच्यांपैकी ९७ टक्के अभ्यासांत संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोगाने सहसा न येणारा, परिणाम होता, फेरप्रयोगांत तो ३६ टक्क्यांतच मिळाला. परिणामाचा सरासरी आकार मूळच्या निम्माच भरला. अर्थशास्त्रातले प्रयोग जरा बरे निघाले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पडताळणीत १८ पैकी ११ टिकले.

या आकड्यांचा अर्थ लावताना सावध राहायला हवे. फेरप्रयोग फसला म्हणजे मूळ निष्कर्ष खोटा ठरला असे नाही. फेरप्रयोगही चुकू शकतो, लोक वेगळे असू शकतात, योगायोगही असतो. काही जण हे आकडे हाती घेऊन विज्ञान म्हणजे थोतांड असे ओरडू लागले, ते मला संतापजनक वाटते. हे आकडे शास्त्रज्ञांनी शास्त्रीय पद्धतीने शोधले आणि आपल्याच सहकाऱ्यांचा रोष पत्करून जाहीर केले. इतक्या निष्ठुरपणे स्वतःची झडती घेणारा दुसरा व्यवसाय मला दिसत नाही.

मला जास्त अस्वस्थ करते ते त्या पडताळण्यांच्या कामकाजाचे वर्णन. कर्करोगाच्या जीवशास्त्रातल्या पडताळणी प्रकल्पाने ५३ लेखांतले १९३ प्रयोग पुन्हा करायचे ठरवले होते. आठ वर्षांनी, २०२१ मध्ये, अहवाल आला तेव्हा २३ लेखांतले ५० प्रयोगच पुरे झाले होते. १९३ पैकी एकही प्रयोग असा नव्हता की छापील लेख वाचून त्याची पूर्ण कृती मांडता यावी. प्रत्येक वेळी मूळ लेखकांना विचारावे लागले. सुमारे एक तृतीयांश प्रयोगांच्या बाबतीत लेखकांकडून नावापुरती मदत मिळाली किंवा उत्तरच आले नाही. जे प्रयोग पुरे झाले, त्यांत परिणामाचा आकार मूळच्या तुलनेत मध्यकाने, म्हणजे क्रमाने मांडल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्याने, ८५ टक्के कमी भरला. निष्कर्ष टिकला की नाही हा प्रश्न नंतरचा. आधी काय केले होते तेच नीट लिहिलेले नव्हते. लोकांच्या पैशातून झालेल्या कामाची कृती लोकांना वाचता येऊ नये, हे मला कोणत्याही कारणाने पटत नाही.

कृती लिहिणे किती अवघड असते हे मात्र मान्य करायला हवे. अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांवरच्या दोन नामांकित प्रयोगशाळा स्तनाच्या पेशींवर मिळून काम करत होत्या, एक बर्कलीत, दुसरी बोस्टनमध्ये. दोघींनी एकाच प्रकारच्या ऊतीतून पेशी सुट्या करायच्या आणि यंत्रावर त्यांची वर्गवारी करायची, एवढेच काम. पण दोघींचे आलेख जुळेनात. यंत्रे तपासली, रसायने तपासली, ऊतीचे नमुने तपासले, तरी कारण सापडेना. यात वर्षाहून जास्त काळ गेला. शेवटी दोन्हीकडचे संशोधक एकाच टेबलाशी शेजारी बसले आणि पहिल्या पायरीपासून काम करू लागले. तेव्हा दिसले की ऊती विरघळवताना एका ठिकाणी मिश्रण काही तास जोरात घुसळतात, तर दुसऱ्या ठिकाणी तेच मिश्रण हळूहळू हेलकावत चोवीस तास ठेवतात. ही पायरी इतकी किरकोळ समजली जायची की ती लिहावी, विचारावी, असे कोणाच्या मनात आले नव्हते. २०१४ मध्ये त्यांनी ही हकिकत छापली. दोन्ही गट निष्णात होते, एकमेकांशी मोकळेपणाने बोलत होते, तरी एवढा वेळ लागला. मग ज्याच्या ईमेलला उत्तरच मिळत नाही त्या अनोळखी संशोधकाचे काय होत असेल?

आणि हा वर्ष-दीड वर्षाचा खटाटोप कोणी वाया गेला म्हणू नये. पेशी सुट्या करण्याच्या रीतीने निकाल बदलतो, हे नवे ज्ञान त्यातून मिळाले. फेरप्रयोगाला कल्पकता लागत नाही असे म्हणणाऱ्यांनी ही हकिकत जरूर वाचावी.

पडताळणीसाठी दर वेळी प्रयोगशाळा लागते असेही नाही. कधी दुसऱ्याचा डेटा आणि दुसऱ्याचाच हिशेब पुन्हा करून पाहिला तरी पुरते. संशोधनाच्या परिभाषेत या कामाला वेगळे नाव देऊन नवा डेटा गोळा करून केलेल्या फेरप्रयोगापासून ते निराळे काढतात. कोणते नाव कशाला, यावर निरनिराळ्या शाखांत बरीच वर्षे गोंधळ होता, त्यात मी शिरत नाही. काम मात्र ओळखण्यासारखे आहे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये मांडले होते की देशाचे कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेले की आर्थिक वाढ खालावते. सरकारी खर्चाला कात्री लावावी म्हणणाऱ्यांनी हा आकडा देशोदेशी वापरला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्न्डन हा विद्यार्थी अभ्यासक्रमातला स्वाध्याय म्हणून तो हिशेब पुन्हा मांडू लागला, पण उत्तर जुळेना. त्याने लेखकांकडे मूळ तक्ता मागितला आणि त्यांनी तो दिला, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. तक्त्यात सरासरीचे सूत्र पाच देश वगळून चालले होते. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हिशेबातच नव्हते. काही वर्षांची आकडेवारी वगळणे आणि सरासरीला वजन देण्याची पद्धत हे आक्षेप आणखी वेगळे. २०१३ मध्ये हर्न्डन आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी फेरहिशेब छापला. ९० टक्क्यांवर कर्ज असलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्के नव्हती, अधिक २.२ टक्के होती. सूत्राची चूक मूळ लेखकांनी कबूल केली, जास्त कर्जाबरोबर वाढ मंदावते हे म्हणणे मात्र सोडले नाही. तो वाद अर्थशास्त्रज्ञांनी चालवावा. मला बोचते ते एवढेच की देशांच्या अर्थसंकल्पांच्या चर्चेत वापरला गेलेला हिशेब तपासायचे काम कोणा खात्याचे नव्हते, एका विद्यार्थ्याच्या गृहपाठातून ते घडले.

सार्वजनिक धोरणात रेप्लिकेशनचा आणखी एक अर्थ रूढ आहे: यशस्वी उपक्रम दुसरीकडे राबवणे. इथे पडताळणी वगळण्याची किंमत थेट लोकांना मोजावी लागते. जागतिक बँकेच्या मदतीने तमिळनाडूत १९८० पासून पोषणाचा एक कार्यक्रम चालला. मुलांचे वजन नियमित घेणे, गरजूंना पूरक आहार, आणि आईला मुलाच्या आहाराबद्दल सल्ला, असे त्याचे स्वरूप होते. तो यशस्वी मानला गेला, म्हणून १९९५ मध्ये त्याच धर्तीवर बांगलादेशात कार्यक्रम सुरू झाला. मूल्यमापन झाले तेव्हा मुलांच्या पोषणावर अपेक्षेइतका परिणाम दिसला नाही. कारणांचा शोध घेताना एक साधी गोष्ट पुढे आली. सल्ला आईला दिला जात होता, पण बांगलादेशातल्या त्या खेड्यांत बाजारहाट पुरुष करत आणि एकत्र कुटुंबात घरातले अन्न कोणाला किती याचा निर्णय बहुधा सासूचा असे. ज्यांच्या हाती निर्णय होता त्यांच्यापर्यंत सल्ला पोचलाच नाही. केनियातही असाच अनुभव आला. कंत्राटी शिक्षक नेमल्याने मुलांचे शिक्षण सुधारते असे दिसले होते. पुढे तीच योजना काही ठिकाणी स्वयंसेवी संस्थेकडून आणि काही ठिकाणी सरकारकडून राबवून पाहिली. संस्थेने राबवली तिथे मुलांच्या गुणांत सुधारणा झाली, सरकारने राबवली तिथे झाली नाही. दुसऱ्या जागी, दुसऱ्या हातांनी करून पाहिल्याशिवाय यातले काहीच कळले नसते.

हे सगळे महाग आहे, नव्या शोधांचा पैसा जुन्यावर का घालवायचा, असा प्रश्न हमखास येतो. याचे उत्तर औषधांच्या नियमनात अनेक दशकांपूर्वीच दिले गेले आहे. अमेरिकेत १९६२ मध्ये कायदा बदलला आणि औषध गुणकारी असल्याचा पुरावा देणे कंपन्यांना बंधनकारक झाले. तिथल्या एफडीए या नियामक संस्थेने त्याचा अर्थ असा लावला की सर्वसाधारणपणे किमान दोन चांगल्या, नियंत्रित चाचण्या हव्यात. पुढे याला मुरड घातली गेली, पण त्यामागची मूळ धारणा अशी होती: एका चाचणीवर कोट्यवधी लोकांना गोळ्या देऊ नयेत. ही धारणा दुबळी पडली की काय होते ते २०२० मध्ये जगाने पाहिले. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन कोविडवर चालते असे फ्रान्समधल्या ३६ रुग्णांच्या एका अभ्यासावरून पसरले आणि देशोदेशी त्या गोळ्यांची मागणी उसळली. ज्यांना दुसऱ्या आजारांसाठी त्या रोज लागत, त्यांचे हाल झाले. जूनमध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ नावाच्या चाचणीने हजारो रुग्णांवर तपासून सांगितले की मृत्यू कमी होत नाहीत. त्याच चाचणीने डेक्सामेथासोन या स्वस्त औषधाने गंभीर रुग्णांचे मृत्यू कमी होतात हेही दाखवले, आणि सप्टेंबरपर्यंत अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणाने त्याला दुजोरा दिला. फ्रान्सचा तो लेख २०२४ च्या डिसेंबरात मागे घेतला गेला. तोवर पावणेपाच वर्षे तो छापील स्वरूपात उभा होता.

म्हणून माझी मागणी अशी. लोकांच्या पैशातून संशोधनाला निधी देणाऱ्या प्रत्येक संस्थेने ठरावीक वाटा फक्त पडताळणीसाठी राखून ठेवावा. हे स्वप्नरंजन नाही. नेदरलँड्सच्या राष्ट्रीय संशोधन निधी संस्थेने २०१६ मध्ये केवळ फेरप्रयोगांसाठी ३० लाख युरोंचा कार्यक्रम जाहीर केला होता. रक्कम छोटी होती, पण संस्थेच्या अंदाजपत्रकात या कामाला स्वतःचा रकाना मिळाला. सगळ्याच संशोधनाचा पडताळा घ्यावा असे कोणी म्हणत नाही, तसे शक्यही नाही. ज्या निष्कर्षावर उपचार ठरणार आहेत, कायदा किंवा शाळेतला अभ्यासक्रम बदलणार आहे, अशांची निवड आधी व्हावी. पडताळणारा गट मूळ गटापासून स्वतंत्र असावा, कारण त्याच प्रयोगशाळेने त्याच गृहीतकांवर दहादा केलेला प्रयोग त्या एका तळ्यातल्या पन्नास नमुन्यांहून वेगळा नाही. मात्र मूळ लेखकांनी कृती आणि डेटा देणे ही निधीची अट असावी, त्यांच्या मर्जीचा भाग नसावा.

नियतकालिकांनी काय करावे याचाही नमुना तयार आहे. मेंदूविज्ञानातल्या कॉर्टेक्स या नियतकालिकाने २०१३ मध्ये प्रयोग करण्यापूर्वीच त्याचा आराखडा तपासून स्वीकारण्याची पद्धत सुरू केली. प्रश्न मोलाचा आणि पद्धत निर्दोष असेल तर निकाल काहीही येवो, लेख छापण्याचे वचन आधीच दिले जाते. आज तीनशेहून जास्त नियतकालिके ही सोय देतात. फेरप्रयोगाला ही पद्धत चपखल बसते. मूळ लेखकालाही आराखड्यावर आधीच बोट ठेवता येते, त्यामुळे निकाल लागल्यावर तुम्हाला नीट जमले नाही असे म्हणायला जागा उरत नाही.

सगळ्यात अवघड भाग विद्यापीठांचा आहे. नेमणुकीच्या आणि बढतीच्या समितीत अर्ज वाचताना फेरप्रयोगाच्या लेखाला नव्या निष्कर्षाच्या लेखाइतकेच गुण मिळायला हवेत, आणि ते नियमावलीत लिहिलेले हवे. पीएचडीच्या प्रबंधात एक प्रकरण आपल्या शाखेतल्या एखाद्या पायाभूत निष्कर्षाच्या पडताळणीचे असावे, अशी मुभा कुठलेही विद्यापीठ स्वतःच्या अधिकारात देऊ शकते. यात विद्यार्थ्याचाही फायदा आहे, कारण दुसऱ्याची कृती ओळीओळीने करून पाहिल्याखेरीज स्वतःची कृती कशी लिहावी हे कळत नाही. आणि पडताळणीचा निकाल मूळ निष्कर्षाशी जुळला, तर तोही छापला जावा, मूळ लेखाच्या पानावरच त्याची नोंद दिसावी, म्हणजे पुढच्या वाचकाला तो दावा किती हातांतून पारखून निघाला आहे हे तिथल्या तिथे समजेल.